आडनाव काय तुझं?

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा. शिव्या द्यायच्या असतील तर इनबॉक्समध्ये न देता इथं खालीच द्या, जमेल तसं उत्तर देईन. आमच्या समाजातले काही मित्र नाराज होणार हे धरून चाललोय. दोन महिने हे लिहून मोबाइलमध्ये ठेवलं होतं, आज टाकतोय.

करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर आपल्या एमआयडीसीत एका संस्थेनं एक काम सुरू केलं. कामगारांचं ऐकून घेणारी माणसं तयार करायची. डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही, साधीच माणसं, पण थोडं शिकवलेली. तेव्हा परिस्थितीच तशी होती. बिहार, यूपीची पोरं गावाकडं जाऊन परत आलेली. कुणाचा बाप गेलेला, कुणाच्या डोक्यावर दवाखान्याचं कर्ज. मी बातमी करायला गेलो आणि तिथंच बसून राहिलो. सहा रविवार. दोन आशाताई, एक शाळामास्तर, सरकारी दवाखान्यातला एक समुपदेशक, कारखान्यांच्या एचआरमधले दोघं आणि मी. बाहेर सळयांचे ट्रेलर उभे, आत पंख्याखाली आम्ही ‘समोरच्याचं मधेच तोडायचं नाही’ हे शिकतोय. पत्रकाराला हे शिकवणं किती अवघड असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

चांगलं शिकवलं, खोटं कशाला बोलू. सल्ला द्यायची घाई करायची नाही. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. माणूस जीव द्यायची भाषा करत असेल तर घाबरून विषय बदलायचा नाही, सरळ विचारायचं आणि डॉक्टरकडं न्यायचं. आणि एक वही शिकवली, ती मला फार आवडली. पानावर तीन रकाने. काय घडलं, मनात काय विचार आला, आणि त्या विचाराला पुरावा काय. माणूस दुःखात असला की वाईटच धरून चालतो, म्हणून त्याला पुरावा शोधायला लावायचा. ‘साहेब माझ्यावर खार खातात’ असं तो म्हणाला की आपण शांतपणे विचारायचं, हे कशावरून? वीस वर्षं बातम्या लिहिणाऱ्याला ‘पुरावा काय’ हा प्रश्न म्हणजे घरचाच. मला वाटलं, हे तर आपल्याला येतंच.

ओळख लागू नये म्हणून पुढचे काही तपशील बदललेत. ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारून, त्याला वाचून दाखवून लिहितोय.

पंचवीस-सव्वीसचा पोरगा. आयटीआय फिटर, आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, एका रोलिंग मिलमध्ये कामाला. झोप लागत नाही म्हणून आला होता. आमच्याकडं एक फॉर्म होता, त्याची पहिली ओळ होती ‘संपूर्ण नाव (आडनाव प्रथम)’. त्यानं नाव सांगितलं, फक्त नाव. मी पेन तसंच धरून विचारलं, “आडनाव?” त्यानं सांगितलं. मग मी विचारलं, “गाव कोणतं?” आपण सगळे विचारतो तसंच. मराठी माणसाला नाव, आडनाव, गाव या तीन प्रश्नांत जे कळायचं ते कळतं. मलाही कळलं. मी लिहून घेतलं आणि म्हणालो, बोल.

तो बोलला. मिलमध्ये त्याला शिफ्टचा मुकादम केलं होतं. त्याच्या हाताखाली आलेली चार पोरं आधी त्याच्याबरोबर डबा खायची, ती बंद झाली. पाण्याचा जार एक होता, आता दुसरा आणलाय, आणि तो कुणाचा, हे कुणी बोलत नाही. त्यानं काम सांगितलं की “हो साहेब” म्हणतात आणि मागं हसतात. मोबाइलच्या रिंगटोनवरून काहीतरी बोलले. घरमालकानं खोली खाली कर म्हणून सांगितलं, का ते सांगितलं नाही. “सर, मला कुणी काही बोललं नाही,” असं तो दोन-तीनदा म्हणाला. “पण मला रात्रभर तेच डोक्यात चालू राहतं.”

मी काय केलं? वही काढली. तीन रकाने आखले. त्याला म्हणालो, जार दुसरा आणला हे घडलं. तुझ्या मनात विचार आला की तो तुझ्यामुळं आणला. आता सांग, याला पुरावा काय? उन्हाळ्यात पाणी पुरत नसेल म्हणून आणला असेल. खोलीमालकाच्या घरी पाहुणे येणार असतील. तू मुकादम झालास म्हणून पोरं जळत असतील, ते तर सगळीकडंच होतं. त्यानं थोडा वेळ त्या वहीकडं पाहिलं. मग म्हणाला, “हो सर, तसंही असेल.” मला वाटलं, जमलं आपल्याला. वर त्याला म्हणालो, मनावर घेऊ नको, कामावर लक्ष दे.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन लागेना. रजिस्टरमध्ये मी त्याच्या नावापुढं ‘सुधारणा’ असं लिहिलं. ते पान अजून तिथं आहे.

मग मागच्या वर्षी त्याच संस्थेनं जुन्या लोकांसाठी परत दोन दिवस ठेवले. नागपूरहून एक मॅडम आल्या होत्या, मानसशास्त्राच्या. बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं, आज समोर बसणाऱ्याबद्दल काही शिकायचं नाही, तुमच्याबद्दल शिकायचं. कोरा कागद दिला. म्हणाल्या, तुमच्या आडनावामुळं तुम्हाला आयुष्यात जे कधीच करावं लागलं नाही, ते लिहा. वीस मिनिटं.

ही कल्पना मूळ अमेरिकेची. पेगी मॅकिंटॉश नावाच्या एका प्राध्यापक बाई होत्या, महिलांच्या प्रश्नांवर शिकवायच्या. चांगले, सभ्य पुरुष सहकारी बायकांवर अन्याय होतो हे मान्य करायचे, पण त्यातून आपला फायदा होतो हे मान्य करायचे नाहीत. त्यावरून बाईंच्या डोक्यात आलं की मग मी गोरी आहे, माझंही असंच असेल. त्यांनी आपल्या रोजच्या जगण्यातल्या अशा गोष्टींची यादीच केली. जखमेवर लावायची पट्टी आपल्या कातडीच्या रंगाची मिळते, इथपर्यंत बारीक. १९८८-८९ ची गोष्ट. यालाच तिकडं व्हाइट प्रिव्हिलेज म्हणतात, म्हणजे गोरा असल्याचा न मागता मिळालेला फायदा, जो पाठीवरच्या पिशवीसारखा असतो आणि ज्याच्या पाठीवर आहे त्यालाच दिसत नाही. पुढं १९९२ मध्ये तिथल्या तीन अभ्यासकांनी समुपदेशकाला काय काय यायला पाहिजे याचे ३१ मुद्दे मांडले. त्यांचे तीन भाग होते, आणि पहिला भाग होता समुपदेशकानं स्वतःकडं बघणं, आपले पूर्वग्रह काय आहेत ते. समोरच्याची दुनिया समजून घेणं हा दुसरा. उपाय तिसरा. आम्ही सहा रविवारांत दुसऱ्या आणि तिसऱ्यावर होतो. पहिल्याचा कुणी उच्चारच केला नव्हता. (तिकडं सगळं आलबेल झालं असं नाही. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेनं वंशभेदातल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये.)

कागदाकडं बघून मी आधी हसलो. आपण काय गोरे आहोत का? मग रागच आला. मी उठून बोललो. म्हणालो, मॅडम, मी मराठा. बाप कोरडवाहू शेतकरी. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. माझ्या चुलतभावाची वाळली, आणि त्यानं जीव दिला. बायको आणि दोन लेकरं मागं ठेवून. आमची पोरं आज आरक्षणासाठी रस्त्यावर आहेत. अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला, त्याची बातमी मी केलीय. आम्हाला कसला आलाय फायदा?

हॉलमध्ये दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मॅडम लगेच काही बोलल्या नाहीत. मग भावाचं नाव विचारलं. फक्त नाव. त्याची लेकरं आता काय करतात विचारलं. मग म्हणाल्या, “तुमच्या भावाचं दुःख खरंच आहे, त्यातलं तसूभरही मी कमी करत नाही. एकच विचारते. त्याला न्यायच्या दिवशी स्मशानात जागा कुणाकडं मागावी लागली का?”

मी बसलो.

तुम्हाला माहीत आहे मराठवाड्यात स्मशानभूमीवरून काय काय होतं. आम्हीच बातम्या देतो. दोन कॉलम, आतल्या पानावर.

खरं सांगतो, दोन दिवस मी त्या बाईंवर चिडून होतो. भावाचा विषय त्यांनी काढायला नको होता असं वाटत होतं. काढला मीच होता. आता वाटतं, गरिबी आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच माणसाकडं एक असते आणि दुसरी नसते, एवढं साधं मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. आमच्या समाजाची मागणी बरोबर की चूक हा या पोस्टचा विषय नाही, त्यावर कमेंटमध्ये जुंपू नका. माझा भाऊ कर्जानं मेला. त्याला न्यायला अख्खं गाव आलं होतं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत.

मग कागद भरला. वीस मिनिटांत चारच ओळी झाल्या, बाकीचं घरी येऊन महिनाभर लिहीत राहिलो. त्यातलं थोडं सांगतो.

जालन्यात पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा मालकानं आडनाव विचारलं आणि लगेच चहा टाकायला सांगितला. पहिली नोकरी लागली ती मामाच्या ओळखीनं, आणि त्याबद्दल मला कुणी ‘कोट्यातून आला’ म्हटलं नाही. वशिला हा कोटा नसतो आपल्याकडं. पोलीस स्टेशनला गेलो की ठाणेदार “बसा पाटील” म्हणतो, मी पाटील नाही तरी. मी चिडलो तर लोक म्हणतात माणूस स्वाभिमानी आहे. माझ्या पोरीला वर्गात शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी सगळ्यांसमोर हात वर करावा लागला नाही. बातमी चुकली तर माझी चुकते, आमच्या समाजाची अक्कल कुणी काढत नाही.

आणि सगळ्यात शेवटी एक लिहिलं, ते लिहिताना तो फिटर पोरगा आठवला. कुणी माझ्याशी तुटक वागलं तर मी म्हणतो, जाऊ दे, माणूसच तसा आहे. हे आडनावामुळं असेल का, हा हिशेब मला डोक्यात चालवावा लागत नाही. त्या पोराला तो चोवीस तास चालवावा लागत होता. जार कुणासाठी आणला, पोरं का हसली, मालकानं खोली का सोडायला सांगितली. उघड कुणी बोलत नाही, म्हणून हिशेब कधी संपतही नाही. त्याची झोप त्या हिशेबानं घालवली होती, आणि मी वही उघडून त्याला अजून एक हिशेब करायला लावला. पुरावा काय?

तिथं मॅडमनी एक चांगली गोष्ट सांगितली. तीन रकान्यांची वही वाईट नाही, पण ती नसलेल्या भीतीसाठी आहे. ‘मला वाघ खाईल’ म्हणणाऱ्याला घरात वाघ नाही हे दाखवायला. ज्याच्या घरात खरंच वाघ आहे त्याला पुरावा विचारला तर तो माणूस वाघाला नाही, तुम्हाला घाबरतो.

आठवून बघा, हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचं नाही. जळगावकडच्या डॉ. पायल तडवी, मुंबईत पुढचं शिकत होत्या, आदिवासी समाजातल्या. २२ मे २०१९ ला त्यांनी जीव दिला. वरिष्ठांच्या जाचाबद्दल आधी तक्रार केली होती असं घरच्यांनी सांगितलं. त्यानंतर ‘कामाचा ताण’ हा शब्द आपण किती वेळा ऐकला. प्रकरण न्यायालयात आहे, कुणाला दोषी ठरवायला मी बसलेलो नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला, पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी. घरच्यांनी भेदभावाचा आरोप केला. संस्थेच्या समितीला जातिभेदाचा थेट पुरावा मिळाला नाही. पुन्हा तोच शब्द. तिथल्या समुपदेशन केंद्रात एससी-एसटी समाजातलं कोण आहे, हा प्रश्न तेव्हा विद्यार्थ्यांनीच विचारला. आपल्या जिल्ह्यात असा प्रश्न कुणी विचारला का? मी वीस वर्षं इथं पत्रकार आहे, मी तरी विचारला नाही. शेतकरी आत्महत्या थांबवायला २०१५ पासून ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे, आशाताई घरोघरी जाऊन माहिती घेतात. महिलांसाठी समुपदेशन केंद्रं आहेत. त्या खुर्चीवर कोण बसतं आणि त्याला स्वतःच्या जातीबद्दल काय शिकवलं जातं, हे मी कधी लिहिलं नाही. कायद्यात तर सरळ आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १८. जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेद न करता उपचार मिळणं हा हक्क आहे. ‘जात’ हा शब्द त्यात लिहिलेला आहे.

काही जण म्हणतील अमेरिकेतलं खूळ इकडं कशाला. अरे, आपल्याकडूनच बघा की. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अर्पण कुणाला केलं? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिथले काळ्यांचे मोठे अभ्यासक डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती तिथल्या ब्लॅक पँथरवरून. हे जाणं-येणं दीडशे वर्षांचं आहे. फक्त आमच्यासारख्यांच्या घरात त्याची बातमी आली नाही.

आमच्या घरातलंच सांगतो. माझ्या पत्रकारितेच्या डिप्लोम्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं छापलेलं आहे. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, मी तेव्हा शाळेत होतो. १९७८ ला मराठवाड्यात वस्त्या जळाल्या त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. डिप्लोमा झाल्यावर गावाकडं कुणी विचारलं की मी सांगायचो, “औरंगाबादहून केला.” विद्यापीठाचं पूर्ण नाव घ्यायचो नाही. मुद्दाम नव्हे. जिभेवरच यायचं नाही. मुद्दाम नव्हतं हेच तर जास्त वाईट.

आणि आमचा फोटोग्राफर. सतरा वर्षं एका मोटरसायकलवर फिरलोय आम्ही. अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन, एकही रस्ता सोडला नाही. खेड्यात कुणाच्या ओट्यावर बसलो की चहा यायचा, आणि हा म्हणायचा, “मला चालत नाही, ॲसिडिटी आहे.” आणि ऑफिसला आला की दिवसातून चार कप. मी त्याची चेष्टा करायचो, तुझी ॲसिडिटी खेड्यातच बरी उठते. तो हसायचा. ती यादी करायला लागलो तेव्हा एके रात्री हे डोक्यात आलं आणि मी उठून बसलो. दुसऱ्या दिवशी मामा चौकात टपरीवर त्याला विचारलं. तो म्हणाला, “तुम्हाला आता कळलं?” मग सांगितलं, सुरुवातीच्या वर्षी एका गावात त्याला विचारलं होतं, आपलं आडनाव काय, आणि चहा आला तेव्हा माझा कपात होता आणि त्याचा वेगळ्या ग्लासात. मी शेजारीच बसलो होतो. मी सरपंचाशी बोलण्यात गुंग होतो. मला दिसलं नाही. त्यानंतर त्यानं खेड्यातला चहाच सोडला.

सतरा वर्षं शेजारी बसून मला जे कळलं नाही, ते मी एका अनोळखी पोराला अर्ध्या तासात समजावायला निघालो होतो.

आता काही गोष्टी बदलल्या, त्याही सांगतो, पण फार काही केलंय असं समजू नका. फॉर्ममधली ‘आडनाव प्रथम’ ही ओळ काढली. आता विचारतो, तुम्हाला काय नावानं हाक मारू. दोन महिला आणि एक पोरगा, दलित वस्तीतले, ऐकणाऱ्यांच्या गटात आले. मेहनताना देता येईल का याचं अजून घोडं अडलंय, फुकट काम करायला वेळ असणं हाही एक फायदाच आहे हे आम्हाला त्यांनी दाखवून दिलं. परप्रांतीय पोरांना ‘भय्या’ म्हणणं आम्ही आमच्यात बंद केलं. बाहेर कोण ऐकतं. भट्टीजवळ उभं राहायला ‘काळं पोरगं’ बरं असं मी स्वतः एका ठेकेदाराच्या तोंडून ऐकलंय, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

एक प्रयोग फसला. मला वाटलं समोरच्याला आधीच सांगून टाकावं. एक मावशी आल्या होत्या, एका कारखान्यात झाडलोट करणाऱ्या. मी म्हणालो, मावशी, मी मराठा आहे, माझ्यापुढं मोकळं बोलायला अडचण वाटली तर दुसऱ्या ताई आहेत. मावशींनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “मग? म्या काय करू त्याला?” आणि सुनेबद्दल बोलायला लागल्या. मॅडमना फोन करून सांगितलं तर त्या खूप हसल्या. म्हणाल्या, तुमचं ओझं तिच्या डोक्यावर कशाला देता? तुम्ही तुमच्याजवळ ठेवा आणि ऐका.

त्या फिटर पोराला शोधायला चार महिने लागले. मिल सोडून तो चाकणला गेलाय, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. फोनवर आधी ओळखलंच नाही. मी माफी मागितली. तो गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, तुम्ही आडनाव विचारलं ना, तेव्हाच मला समजलं होतं. पण झोप येत नव्हती म्हणून तरी बोललो.”

मी विचारलं, तेव्हा मी काय म्हणायला पाहिजे होतं?

“काही नाही. हो, असं होतं, एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं.”

आता झोप लागते का विचारलं. म्हणाला, लागते, पण तिथं त्यानं कुणाला गाव सांगितलेलं नाही. नुसतं ‘जालना’ सांगतो. लोक म्हणतात, हां, सळयांचं गाव. तेवढ्यावर निभतं. त्यानं ही पोस्ट टाकायला हरकत नाही म्हणून सांगितलं, फक्त एक अट घातली की त्याला बिचारा म्हणून लिहायचं नाही. तो मुकादम झाला होता, त्या शिफ्टचं प्रॉडक्शन वाढलं होतं, हे लिहा म्हणाला. लिहिलं.

एमआयडीसीतल्या ज्यांना कुणाशी बोलायचं आहे त्यांनी मला मेसेज करा, रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही बसतो. ताईंशी बोलायचं असेल तर तसं लिहा. रात्री-अपरात्री फार जड वाटलं तर सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

परवा घनसावंगीकडं एका गावात गेलो होतो, पिकविम्याच्या बातमीला. ओट्यावर बसलो, चहा आला. आमच्या फोटोग्राफरनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, “आम्ही दोघंही चहा घेत नाही.” घरमालक म्हणाले, असं कसं, दूधवाला घरचाच आहे. मी ठाम नाही म्हणालो. परत येताना गाडीवर मागून आवाज आला, “भाऊ, मला विचारायचं तरी. या घरी मी पितो. तो पोरगा माझ्या वर्गात होता.”